नोंद आहे, निकष नाहीत : देशी कोंबड्यांच्या पैदासकारांचे मागणीपत्र

प्रति,
राज्याच्या पशुसंवर्धन धोरणाचे प्रमुख अधिकारी
आणि पशुपक्षी प्रदर्शनांच्या आयोजन समित्या

विषय : बुसरा, असील व कडकनाथ या जातींसाठी प्रदर्शनाचे लेखी निकष, स्वतंत्र गट, प्रशिक्षित परीक्षक आणि शुद्ध वाणाचे संरक्षण.

महोदय,

देशी कोंबड्यांची जातिवंत पैदास करणाऱ्या आमच्या संघटनेच्या सर्वसाधारण सभेत हे मागणीपत्र वाचून, कलमवार चर्चा करून मंजूर झाले आहे. सभासदांत नवापूर-साक्री पट्ट्यात परसात बुसरा राखणाऱ्या बाया आहेत. असीलचे वाण वडिलांकडून मिळालेली घरे आहेत. नोकरी सांभाळून कडकनाथ शुद्ध ठेवण्याची खटपट करणारे तरुणही आहेत.

याआधी आम्ही निवेदने दिली आणि प्रत्येकाची पोच घेतली. पोचपावत्यांची फाईल जाड झाली. निर्णयाचा एकही कागद तिच्यात लागलेला नाही. म्हणून हा विनंतिअर्ज नाही. प्रत्येक कलमात तक्रार, तिच्यावरचा उपाय आणि जिथे लागते तिथे आमच्याकडून पाळायची अट दिली आहे.

पार्श्वभूमी

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशातल्या कोंबड्यांच्या जातींची रीतसर नोंद केली आहे. त्यातली बुसरा ही महाराष्ट्र आणि गुजरात यांची सामाईक जात. आपल्याकडे तिचे घर नंदुरबार-धुळ्याचा आदिवासी पट्टा. असीलचा मूळ मुलूख आंध्र, ओडिशा आणि छत्तीसगड; कडकनाथचा मध्य प्रदेशातला झाबुआ. या दोन्ही जाती महाराष्ट्रात राखल्या जातात, पण त्यांच्यावर आम्ही मालकी सांगत नाही. बुसराची जबाबदारी मात्र या राज्याला दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

नोंदीत जात कशी आढळते ते कळते : वजन किती, अंडी किती, रंग कोणते. तिच्यातला उत्तम पक्षी कोणता, हे ठरवायला निकष लागतात. पैदासकाराला पुढच्या हंगामासाठी कोणता कोंबडा ठेवायचा आणि कोणता बाजारात न्यायचा, याचा निर्णय त्यावर घ्यावा लागतो. निकष नसले की प्रत्येक घर आपापल्या आवडीने निवड करते आणि चार पिढ्यांत एका जातीची चार रूपे होतात.

विलायतेत कोंबड्यांचे निकष १८६५ साली छापले गेले, अमेरिकेत १८७४ साली. असील तिथल्या निकषपुस्तकांत आहे. कॉर्नवॉलमध्ये असीलच्या रक्तातून घडलेला कॉर्निश पुढे आजच्या ब्रॉयलरचा एक पाया ठरला. आमच्या सभासदांनी पक्षी नेले त्या प्रदर्शनांत मात्र या असीलला स्वतःचा गट नव्हता. बुसरा, असील आणि बाजारातून आणलेला संकरित कोंबडा, तिघांचे पिंजरे ‘गावठी’ या एकाच पाटीखाली होते.

मागणी १ : लेखी निकष

एका जिल्हास्तरीय प्रदर्शनात आमच्या एका सभासद बाईंनी बुसरा कोंबडा नेला होता. अंग पांढरे, मानेवर आणि शेपटीत काळी पिसे, खांद्यावर तांबूस झाक, तुरा एकेरी आणि लालभडक. काट्यावर वजन भरले १ किलो १०० ग्रॅम. निकालपत्रकात शेरा आला, ‘वजन अपेक्षेपेक्षा कमी’. पहिले बक्षीस शेजारच्या पिंजऱ्यातल्या साडेतीन किलोच्या संकरित नराला गेले.

बुसरा नराचे नोंदलेले वजन ०.८५ ते १.२५ किलो आहे. म्हणजे तो कोंबडा आपल्या जातीला धरून होता आणि नेमका त्यासाठीच बाद ठरला. असील नर ४ ते ५ किलोंचा भरतो. या दोघांना एका काट्यावर तोलण्यात न्याय नाही.

आमची मागणी : सात जणांची निकष समिती नेमावी. तीत पशुवैद्यकीय विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ, खात्याचा एक अधिकारी, जातींच्या नोंदणीचा अनुभव असलेला एक शास्त्रज्ञ आणि तीन पैदासकार असावेत. पैदासकारांपैकी किमान एक बुसराच्या मूळ पट्ट्यातली महिला असावी. बुसराचे निकष सहा महिन्यांत आणि उरलेल्या दोन जातींचे, त्यांच्या मूळ राज्यांतल्या पैदासकारांशी बोलून, एका वर्षात प्रसिद्ध करावेत.

गुणांची विभागणी आम्ही सुचवतो : बांधा आणि डौल ३०, पिसारा आणि रंग २०, डोके, तुरा व डोळे १५, पाय आणि बोटे १५, प्रकृती आणि हाताळणीतला शांतपणा २०, एकूण १००. वजनाला वेगळे गुण नसावेत. जातीच्या मर्यादेबाहेरचा पक्षी बाद, मर्यादेतले सगळे समान.

निकष ठरवताना रंगाचा अतिरेक नको. असीलमध्ये पिला, याकूब, नुरी, कागर, चित्ता, सबजा असे रंगभेद परंपरेने मानले जातात. ते सगळे ग्राह्य धरावेत. असील ओळखायचा तो बसक्या वाटाणी तुऱ्यावरून, अंगाला घट्ट बसलेल्या पिसांवरून, लांब मानेवरून आणि ताठ उभे राहण्यावरून. बुसरातही रंगांची विविधता मुळातच आहे. ती दोष म्हणून गुण कापू नयेत.

मागणी २ : जातवार आणि वयवार गट

वर्षाची तलंग आणि तीन वर्षांची कोंबडी एका गटात ठेवली, तर परीक्षकाला दोघींपैकी एकीवर अन्याय करावाच लागतो.

आमची मागणी : प्रत्येक जातीसाठी चार गट असावेत : कोंबडा, कोंबडी, तरणा कोंबडा आणि तलंग. पाचवा गट त्रिकुटाचा, म्हणजे एक नर आणि दोन माद्या, कारण पैदासकाराचे खरे कसब एकसारखी जोडणी दाखवण्यात आहे. गटात तीनपेक्षा कमी पक्षी आले तर क्रमांक देऊ नयेत. ८५ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या पक्ष्याला फक्त गुणवत्ता प्रमाणपत्र द्यावे. निकषाला उतरणारा पक्षी नसेल तर पहिले बक्षीस रिकामे ठेवण्याचा अधिकार परीक्षकाला असावा, मग गटातला पक्षी आमच्या सभासदाचा असला तरी.

या गटांसाठी नवे मैदान लागत नाही. माळेगावच्या यात्रेत कुक्कुट प्रदर्शन आजही भरते. सारंगखेड्याचा घोडेबाजार तर बुसराच्या जिल्ह्यातच आहे. बुसराचे पहिले जातवार प्रदर्शन तिथे घ्यावे.

मागणी ३ : परीक्षक आणि गुणपत्रक

पशुवैद्यकाचा आम्हाला आदर आहे. पक्षी निरोगी आहे की नाही, हे त्यांनीच सांगावे. पण निरोगी पक्षी जातिवंत असतोच असे नाही. कडकनाथ पाहताना चोच उघडून जीभ काळी आहे का ते बघावे लागते. तुरा आणि कातडी यांचा काळेपणा सावलीत नव्हे, उजेडात तपासावा लागतो. अंडी काळी नाहीत म्हणून कडकनाथवर शंका घेणारा परीक्षक आम्हाला भेटलेला आहे. कडकनाथची अंडी फिकट तपकिरीच असतात.

आमची मागणी : परीक्षकांसाठी पाच दिवसांचा प्रशिक्षणवर्ग आणि प्रत्यक्ष पक्ष्यांवर परीक्षा घ्यावी, उत्तीर्णांची यादी जाहीर करावी. प्रत्येक गटाला दोन परीक्षक असावेत, दोघांनी स्वतंत्र गुण द्यावेत. गुणपत्रकाची प्रत त्याच दिवशी स्पर्धकाच्या हातात पडावी. परीक्षकाने स्वतःच्या, नातेवाइकाच्या किंवा स्वतः विकलेल्या पक्ष्याचे परीक्षण करू नये. हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळले, तर पुढच्या वर्षी तो सुधारलेला पक्षी आणेल.

मागणी ४ : पक्ष्याची ओळख

आज पिंजऱ्यावरची चिठ्ठी हीच पक्ष्याची ओळख. चिठ्ठी बदलली की जात बदलते आणि वयही बदलते.

आमची मागणी : वर्ष आणि क्रमांक असलेले बंद कडे प्रत्येक नोंदलेल्या पिल्लाच्या पायात, पाय अजून कड्यातून जातो त्या वयात घालावे. जिथे कडी पोचत नाहीत तिथे बोटांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडण्याची जुनी पद्धत मान्य करावी. दोन पायांचे मिळून चार पडदे, त्यांतून १६ वेगवेगळ्या खुणा होतात. एका छोट्या पैदासकाराला एवढ्या पुरेशा आहेत.

वंशावळीची वही छापील नमुन्यात मिळावी. नर बदलल्यावर निदान तीन आठवडे मादीची अंडी शुद्ध पैदाशीत धरू नयेत, अशी अट वहीत छापावी. आधीच्या नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते, हे परसात पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतेच असे नाही. ही अट आमचे सभासद आजपासूनच पाळतील.

मागणी ५ : रक्तसंबंध रोखणारे कळप

बहुतेक घरांत एक कोंबडा आणि आठ-दहा कोंबड्या असतात. पैदासशास्त्राच्या हिशेबाने एक नर आणि १० माद्या म्हणजे प्रभावी संख्या (वाण पुढे नेणाऱ्या पक्ष्यांची हिशेबी संख्या) जेमतेम ३.६, प्रत्येक पिढीला रक्तसंबंध सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. हाच कळप १० नर आणि ५० माद्यांचा झाला तर प्रभावी संख्या ३३ वर जाते आणि वाढ दीड टक्क्यावर येते. पिंजऱ्यात देखणा दिसणारा पण अंडी न फळवणारा कोंबडा हा याच वाढीचा परिणाम असू शकतो. प्रदर्शनाच्या हौसेने जात संपवायची नसेल, तर हा हिशेब प्रदर्शनाइतकाच महत्त्वाचा आहे.

आमची मागणी : प्रत्येक जातीचा ६० पक्ष्यांचा एक कळप पाच गावांत विभागून राखावा : प्रत्येक गावात २ नर आणि १० माद्या. दरवर्षी नर ठरलेल्या क्रमाने पुढच्या गावाला जातील. असे दोन कळप, एकमेकांपासून दूरच्या जिल्ह्यांत. तीन जातींचे मिळून ३६० पक्षी होतात. खात्याने खाद्य, लस आणि नरांच्या वाहतुकीचा खर्च तीन वर्षे द्यावा. जागा, मजुरी आणि राखण आमची.

मागणी ६ : बुसराच्या गावांत संकरित नर नकोत

परसातल्या कोंबडीपालनासाठी तलंगांचे गट वाटले जातात. २५ माद्यांबरोबर ३ नर येतात. जास्त अंडी हवी असणाऱ्या कुटुंबाला सुधारित जातींचा उपयोग होतो, त्याला आमचा विरोध नाही. बुसरा वर्षाला ४० ते ५५ अंडीच देते, हे आम्ही लपवत नाही. पण ती खुडूक बसते, स्वतःची पिल्ले स्वतः वाढवते, घारीची चाहूल लागताच त्यांना पंखाखाली घेते आणि विकतच्या खाद्याशिवाय राहते. मोकळ्या फिरणाऱ्या परसात तीन संकरित नर सोडले, की पुढच्या हंगामात त्या वस्तीवर शुद्ध बुसराचे पिल्लू मिळत नाही.

आमची मागणी : बुसरा राखणाऱ्या गावांची यादी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. त्या गावांत गट देताना नर वगळावेत. नुसत्या माद्या दिल्या तरी अंडी तेवढीच मिळतात. ज्यांना पैदाशीसाठी नर हवा आहे त्यांना बुसराचा नोंदलेला नर द्यावा. योजनेच्या खर्चात याने एक रुपयाचीही वाढ होत नाही.

मागणी ७ : बर्ड फ्लू, भरपाई आणि लस

देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात जाहीर झाला. लाखो पक्षी मारले गेले आणि मोठ्या पोल्ट्रीबरोबर परसातली खुराडीही रिकामी झाली. तोच मुलूख बुसराचा. पोल्ट्रीवाल्याने शेड धुऊन नवी पिल्ले विकत आणली. बुसराची पिल्ले विकणारी हॅचरी तेव्हा नव्हती आणि आजही आमच्या सभासदांना ती कुठे सापडलेली नाही.

बाधित क्षेत्रातला पक्षी जातिवंत आहे म्हणून वाचवा, असे आम्ही म्हणणार नाही. साथीत नियम सर्वांना एकच हवा आणि आमचे सभासद पक्षी स्वतःहून ताब्यात देतील. प्रश्न भरपाईचा आहे. २०२१ च्या साथीत मोठ्या अंडी देणाऱ्या पक्ष्याला ९० रुपये आणि मांसल पक्ष्याला ७० रुपये असा दर होता. सहा पिढ्यांची वंशावळ असलेला नर या दोन्ही रकान्यांत बसत नाही.

आमची मागणी : कडे आणि वंशावळ असलेल्या पैदाशीच्या पक्ष्यासाठी भरपाईचा तिसरा रकाना करावा. दर पैदासकाराने सांगितलेला नको. मागच्या वर्षीच्या नोंदलेल्या विक्रीच्या सरासरीवर, वरची मर्यादा घालून ठरवावा. बाधित क्षेत्रात पक्षी पाळण्यावरची बंदी उठल्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या कळपातून उबवणीची अंडी बाधित गावाला प्राधान्याने मिळावीत. दोन कळप मागण्याचे कारणही हेच.

मानमोडीची लस सहसा शंभर ते हजार डोसांच्या कुपीत येते आणि विरघळवल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. गावनिहाय लसीकरणाचा ठरलेला दिवस जाहीर करावा, म्हणजे एक कुपी दहा घरांत वापरली जाईल. प्रदर्शनाच्या किमान २१ दिवस आधी लस दिल्याचा दाखला आणि परतल्यावर १४ दिवस पक्षी वेगळा ठेवणे, या अटी आम्हाला बंधनकारक असतील.

मागणी ८ : असील पाळणे म्हणजे झुंज लावणे नव्हे

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार झुंज लावणे गुन्हा आहे. या तरतुदीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण असील गाडीत दिसला की पाळणाऱ्याला ठाण्यात बसवण्याचे प्रकार होतात. झुंजीला पर्याय म्हणून प्रतिष्ठेची दुसरी जागा उभी राहिली, तर ही जात कायद्यात राहून टिकेल. ती जागा प्रदर्शनाचीच आहे.

आमची मागणी : नोंदलेल्या असीलसाठी वाहतुकीचा दाखला द्यावा आणि तो ग्राह्य धरण्याची लेखी सूचना पोलीस यंत्रणेला जावी. तुरा कापलेला, पायाचा काटा छाटलेला किंवा झुंजीच्या जखमांचे वण असलेला पक्षी प्रदर्शनात बाद ठरवावा. झुंजीत सापडलेल्या सभासदाचे सभासदत्व आम्ही कायमचे रद्द करू आणि त्याचे नाव कळवू.

मागणी ९ : पिंजरा, पाणी आणि वेळ

आमचे पक्षी भाजीच्या जाळीच्या क्रेटमध्ये, उन्हात, दुपारभर पाण्यावाचून ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. असीलला मान वर करता येत नसेल, तर त्याच्या डौलाचे गुण कोण आणि कसे देणार?

आमची मागणी : बुसरासाठी ४५ सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा, असीलसाठी ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि ७५ सेंटिमीटर उंचीचा पिंजरा असावा. सावली आणि पाणी सतत. पक्षी आठ तासांपेक्षा जास्त पिंजऱ्यात नको. एप्रिल-मे महिन्यांत प्रदर्शन नको. पिंजरे एकदा विकत घ्यावेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवावेत. त्यांची ने-आण आम्ही करू.

मागणी १० : जातीच्या नावाने होणारी विक्री

२०१९ साली सांगली जिल्ह्यात कडकनाथच्या नावाने पैसे गुंतवून घेणारी योजना कोसळली आणि अनेक शेतकरी बुडाले. त्यानंतर काही वर्षे प्रामाणिक पैदासकारालाही लोक संशयाने बघत. आजही लाल तुऱ्याची संकरित पिल्ले ‘शुद्ध कडकनाथ’ म्हणून विकली जातात.

आमची मागणी : जातीचे नाव घेऊन पैदाशीचा पक्षी विकणाऱ्याने कड्याचा क्रमांक आणि नर-मादीची नोंद असलेली सहीची पावती देणे बंधनकारक करावे. पावती नसेल तर पक्षी ‘गावठी’ म्हणून खुशाल विकावा, जातीचे नाव घेऊ नये.

क्रम आणि मुदत

या सगळ्या मागण्या एकाच दिवशी पूर्ण व्हाव्यात, असा आमचा आग्रह नाही. मागणी २, ३ मधील गुणपत्रक, ६ आणि ९ (पिंजऱ्यांची खरेदी सोडून) यांना फक्त परिपत्रक लागते; त्यासाठी ६० दिवस पुरेत. निकष समितीची नेमणूक ९० दिवसांत व्हावी. कडी, पिंजरे, वंशावळीची वही आणि कळप यांची तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हावी. भरपाईचा रकाना केंद्राच्या संमतीने व्हायचा असेल, तर राज्याचा प्रस्ताव १२० दिवसांत जावा आणि त्याची प्रत आम्हाला मिळावी. एखादी मागणी मान्य नसेल तर कारण लेखी कळवावे. कारण पटले तर आम्ही मागणी दुरुस्त करू.

मुदत टळली तर आमचे सभासद वजनावर बक्षीस देणाऱ्या एकाही प्रदर्शनात पक्षी आणणार नाहीत. बुसराच्या निकषांचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. तो आम्ही स्वतः छापू, बुसराचे प्रदर्शन नवापूर पट्ट्यात स्वतः भरवू आणि परीक्षणाला आपल्या तज्ज्ञांना रीतसर निमंत्रण देऊ. निकालपत्रकावर शेरा मारलेला तो १ किलो १०० ग्रॅमचा कोंबडा अजून पैदाशीत आहे. पहिल्या गटात पहिला पिंजरा त्याचा असेल.

कळावे.

संघटनेच्या सर्वसाधारण सभेच्या वतीने,
अध्यक्ष, सचिव आणि सभासद

सोबत : सर्वसाधारण सभेचा ठराव, बुसराच्या निकषांचा मसुदा, गुणपत्रकाचा नमुना, याआधीच्या निवेदनांच्या पोचपावत्या.